हवालदाराची दया

बाजाराच्या दिवशीं तालुक्याच्या नाक्यावर घटकाभर उभें राहिलें तर एक व्यवहार वारंवार घडतांना दृष्टीस पडतो. एका मोटारसायकलीवर तिघे बसून येतात. चालविणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट नसतें आणि खिशांत परवानाही नसतो. हवालदार शिट्टी वाजवितो, गाडी कडेस घ्यावयास लावितो आणि चलनाचें यंत्र हातीं घेतो. मग विनवणी सुरू होते. "साहेब, गरीब माणूस आहे मी. घरीं पोर आजारी आहे. एकवार माफी करा." कधीं बोलतां बोलतां गांवची ओळख निघते; कधीं कोणा पुढाऱ्याचा फोन येतो; कधीं घडी घातलेली नोट ह्या हातांतून त्या हातांत जाते. शेवटीं गाडी जशी आली तशीच, तिघांना घेऊन, पुढें निघून जाते. जाणारे म्हणतात, "हवालदार देवमाणूस निघाला, दया केली त्यानें."

ह्या 'दया' शब्दाविषयीं आज आम्हांस थोडें लिहावयाचें आहे. हा शब्द आमच्या वाचकांच्या नित्य परिचयाचा आहे, आणि जो शब्द आपण इतक्या वेळां उच्चारतों तो कोठें शोभतो व कोठें शोभत नाहीं, हें आपणांस इतरांहून अधिक कळावयास पाहिजे.

नोटेची गोष्ट प्रथम बाजूस ठेवूं. ती लाच होय, आणि २०१८ सालीं भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यांत दुरुस्ती झाल्यापासून घेणाऱ्याप्रमाणें देणाराही सरळ गुन्हेगार ठरतो. त्याविषयीं आमच्या वाचकांत दुमत नाहीं, निदान नसावें. अवघड प्रश्न निराळाच आहे. समजा, हवालदारानें एक पैही घेतली नाहीं. समोरच्या माणसाचा फाटका सदरा पाहून आणि आजारी पोराचें नांव ऐकून त्याचें मन खरोखरच द्रवलें, व त्यानें त्यास सोडून दिलें. हें कृत्य चांगलें कीं वाईट? पुष्कळ लोक म्हणतील, चांगलें. कायद्यापेक्षां माणुसकी मोठी. आमचें म्हणणें असें कीं, ह्या ठिकाणीं माणुसकी हा शब्द चुकीच्या जागीं पडला आहे.

क्षमा करण्याचा अधिकार ज्याचें नुकसान झालें त्याचा असतो. शेजाऱ्याच्या बैलानें आमची ज्वारी खाल्ली तर शेजाऱ्यास क्षमा आम्हीं करावी. आम्हांस न विचारतां पोलीस पाटलानें परस्पर "जा, तुला माफ केलें" असें म्हटलें, तर त्यास औदार्य कोण म्हणेल? विकास सोसायटीच्या सचिवानें सभासदांच्या पैशांतून आपल्या मेहुण्याचें कर्ज माफ केलें, तर आपण त्यास दयाळू म्हणत नाहीं. आपल्या भाषेंत त्यास दुसरे शब्द आहेत.

आतां नाक्याकडे पाहा. तेथें नुकसान कोणाचें व्हावयाचें आहे? हवालदाराचें नव्हे, तो रस्त्याच्या कडेस सुरक्षित उभा आहे. पुढें दोन-तीन किलोमीटरांवर सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडणारी म्हातारी आहे, शाळा सुटून कडेनें चाललेलीं मुलें आहेत, समोरून सायकलीवर येणारा दूधवाला आहे. हीं माणसें नाक्यावर हजर नाहींत आणि त्यांस कोणी कांहीं विचारलेलें नाहीं. हवालदार तेथें उभा आहे तो त्यांचा मुखत्यार म्हणून. गाडी चालवितां न येणाऱ्यास तो जेव्हां पुढें जाऊं देतो, तेव्हां तो आपल्या पदरचें कांहींच देत नाहीं. त्या म्हाताऱ्या बाईच्या व त्या मुलांच्या सुरक्षिततेंतून कापून देतो. आणि नेमकें कोणाचें कापलें जाणार, हें त्यास ठाऊक नसतें. म्हणूनच ही दया इतकी सोपी जाते. समोरचा माणूस हात जोडतो, तें दिसतें. जो अद्याप वळणापलीकडे आहे तो हात जोडावयास येत नाहीं.

हें बोलणें कोणास अतिशयोक्तीचें वाटेल, म्हणून कांहीं आंकडे देतों. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानें प्रसिद्ध केलेल्या हिशेबाप्रमाणें २०२२ सालीं भारतांत ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ माणसें मरण पावलीं. म्हणजे दर तासास एकोणीस. आमचे वाचक हें पान वाचून संपवितील तेवढ्यांत चार-पांच. एकट्या महाराष्ट्रांत त्या वर्षीं १५,२२४ माणसें गेलीं. शहरांतील गर्दी पाहून आपणांस वाटतें कीं अपघात तेथेंच फार होत असतील. परंतु मरणाऱ्यांपैकीं दोन तृतीयांशांहून अधिक लोक ग्रामीण भागांतील रस्त्यांवर मेले. आणि कारणांच्या रकान्यांत सर्वांत मोठा आंकडा अतिवेगाचा होता. शंभरांपैकीं एकाहत्तर मृत्यु त्याखालीं नोंदलेले आहेत.

आपल्या गांवांत अशा मरणास 'वेळ भरली होती' असें म्हणण्याची रीत आहे. शोक करणाऱ्या घरास त्यानें आधार मिळतो, म्हणून त्या घरीं बसून त्यावर वाद घालणें बरें नव्हे. परंतु जें मरण कोणत्या कारणानें, कोणत्या तऱ्हेच्या रस्त्यावर आणि बहुधा दिवसाच्या कोणत्या प्रहरीं येतें हें आधीं सांगतां येतें, त्यास वेळेचें नांव देऊन मोकळें होणें हें दुसऱ्या दिवशीं तरी सोडलें पाहिजे.

येथें एक आक्षेप येतो. वेगाचें आणि दारूचें ठीक आहे. परंतु हेल्मेट न घालणारा आपलेंच डोकें फोडून घेतो, त्यांत परक्याचें काय जातें? त्याच २०२२ सालीं हेल्मेट नसतांना मेलेल्यांची संख्या ५०,०२९ होती, आणि त्यांतील १४,३३७ जण गाडी चालवीत नव्हते, नुसते मागें बसले होते. मागें बसणाऱ्यास हेल्मेट देण्याची आपल्याकडे पद्धतच नाहीं. घरांत एक असलेंच तर तें चालविणाराच्या आरशाला लटकत असतें. शिवाय ज्याच्या मागें बायको, लहान मुलें आणि सोसायटीचें कर्ज आहे त्याचें डोकें सर्वस्वीं त्याचेंच असतें, हें त्याच्या मरणानंतर ज्या मंडळीस वर्गणी काढावी लागते ती तरी मान्य करणार नाहीं. हेल्मेटानें मरणाचा धोका सुमारें चाळीस टक्क्यांनीं कमी होतो असें ह्या विषयाच्या अभ्यासकांनीं पुष्कळ देशांतील अनुभव एकत्र करून काढलें आहे. ह्या आक्षेपावर याहून अधिक जागा खर्च करण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

ज्या गोष्टीचा अधिक विचार झाला पाहिजे ती अशी कीं, एका माणसास सोडण्यानें कायद्याचें काय होतें. इटलींतील बेक्कारिया नांवाच्या विचारवंतानें १७६४ सालीं गुन्हे व शिक्षा ह्यांवर एक लहानसा ग्रंथ लिहिला. त्यांत त्यानें असें प्रतिपादिलें कीं, गुन्ह्यापासून माणसास परावृत्त करते ती शिक्षेची कठोरता नव्हे, तर तिची निश्चितता. अडीचशें वर्षांपूर्वींचें हें म्हणणें मोटारगाडीच्या काळांत मोठ्या विलक्षण रीतीनें खरें ठरलें. इंग्लंडांत १९६७ सालच्या ऑक्टोबरांत दारू पिऊन गाडी चालविणाऱ्याचा श्वास यंत्रानें तपासण्याचा कायदा अमलांत आला. लोकांस वाटलें, आतां आपण पकडले जाणारच. आणि पहिल्याच वर्षीं रस्त्यांवरील मृत्यु सुमारें एक हजारानें कमी झाले. पुढें हळूहळू लोकांच्या ध्यानांत आलें कीं पोलीस तपासणी फारशी करीत नाहींत. कायदा तोच, दंड तोच, यंत्रही तेंच. परंतु भय ओसरलें आणि सुधारणाही पुष्कळशी ओसरली. ह्याच्या उलट ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स प्रांतांत १९८२ सालच्या डिसेंबरांत पोलिसांस कोणाही चालकास, संशय असो वा नसो, थांबवून तपासण्याची मोकळीक मिळाली. तेथें पोलिसांनीं हें काम खंड न पाडतां चालविलें. मृत्यूंचें प्रमाण सुमारें एक पंचमांश उतरलें आणि ती उतरण टिकली.

आपल्याकडे मात्र उपाय निघतो तो बहुधा दंड वाढविण्याचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं दुरुस्ती झाली. हेल्मेट नसल्याबद्दल जेथें शंभर रुपये होते तेथें कायद्यानें हजार केले, आणि दारू पिऊन गाडी चालविल्यास पहिल्याच वेळीं दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. महाराष्ट्रांत वाढीव दंडाची अंमलबजावणी २०२१ सालच्या डिसेंबरांत सुरू झाली. आमचा ह्या वाढीस विरोध नाहीं. परंतु जेथें सुटका विनवणीनें, ओळखीनें किंवा नोटेनें होते तेथें दंड दसपट केल्यानें काय होतें? विनवणी अधिक काकुळतीची होते, ओळख अधिक वरची शोधावी लागते आणि नोटेचा रंग बदलतो. नाक्यावर सुटलेला प्रत्येक माणूस संध्याकाळीं पारावर बसून आपण कसे सुटलों हें रंगवून सांगतो, आणि ऐकणारे दहा जण दुसऱ्या दिवशीं हेल्मेट खुंटीवर ठेवून निघतात. हवालदारानें एकास सोडलें असें त्यास वाटतें. वास्तविक त्यानें अकरा सोडलेले असतात.

ही अडचण शहरापेक्षां खेड्यांत अधिक. शहरांतील चौकांत उभा असलेला शिपाई परका असतो आणि येणाराजाणारा त्यास परका असतो. खेड्यांत तसें नाहीं. आपल्या गांवचा पोलीस पाटील घ्या. वतनदारीचे पाटील १९६२ च्या कायद्यानें गेले आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाप्रमाणें नेमलेले पोलीस पाटील आले. त्यांचें मानधन थोडें, हुद्दा लहान. परंतु रस्त्याविषयीं त्यांस जें ठाऊक असतें तें जिल्ह्याच्या कचेरींत कोणास ठाऊक नसतें. ओढ्यावरील मोरीचा कठडा कोणत्या पावसाळ्यांत वाहून गेला, कोणत्या वळणावर बाभळींमुळें समोरचें दिसत नाहीं, कोणाचा मुलगा संध्याकाळीं पिऊन ट्रॅक्टर काढतो, लग्नसराईंत कोणाच्या टेंपोंत चाळीस वऱ्हाडी उभे करून नेतात, वडापच्या कोणत्या जीपला ब्रेक नीट लागत नाहींत, हें सारें त्यास तोंडपाठ असतें.

मुंबई-पुणें द्रुतगती मार्गावर २०२४ सालापासून कॅमेऱ्यांची मोठी यंत्रणा चालू आहे. कॅमेऱ्यास मेहुणा नसतो व तो कोणाचा फोन घेत नाहीं, हा त्याचा मोठा गुण; आणि ज्यांस नाक्यावरील घासाघीस नकोशी झाली आहे ते ह्या यंत्राचें कौतुक करतात तें समजण्यासारखें आहे. परंतु त्याच मार्गावर २०१६ सालीं १५१ माणसें मेलीं होतीं आणि त्यानंतरच्या वर्षांत ती संख्या पुष्कळ उतरूं लागली, ती हे कॅमेरे येण्याच्या कितीतरी आधीं. पोलीस, रस्त्याचें महामंडळ आणि एक सेवाभावी संस्था ह्यांनीं मिळून अपघाताच्या एकेका जागेवर जाऊन पाहिलें. तुटके कठडे बदलले, खुणा लाविल्या, आणि कडेस थांबलेल्या मालमोटारींवर मागून गाड्या आदळतात हें ध्यानांत घेऊन त्या हटविल्या. ज्यास जागा ठाऊक आहे त्यानें तेथें जाऊन उभें राहणें, हें काम यंत्र करीत नाहीं. आणि खेड्याच्या रस्त्यावर तर कॅमेरा नाहींच. तेथें जें कांहीं आहे तें म्हणजे ठाण्यांतले मोजके शिपाई व तो पोलीस पाटील.

तेव्हां स्थिति अशी आहे कीं, ज्या जवळिकेमुळें गांवच्या पोलिसास सर्व कांहीं ठाऊक असतें त्याच जवळिकेमुळें त्यास कांहीं करतां येत नाहीं. त्यास दोष देणें सोपें आहे आणि वर्तमानपत्रें तें रोज करतात. परंतु त्याच्या खांद्यावर नात्यांचें हें ओझें टाकतें कोण? तो आपण होऊन ओळखी काढीत नाहीं. ओळख आपण काढतों. फोन आपण करतों, अथवा ज्याच्या फोनास वजन आहे त्याच्या दारीं आपण जाऊन बसतों. हवालदारानें चलन फाडलेंच तर "आपला म्हणवितो आणि आपल्यालाच दंड करतो" अशी कुरबुर बायकामाणसांपर्यंत महिनाभर आपणच चालवितों. आम्हांस वाटतें, ह्या प्रश्नाचें मर्म येथें आहे. पोलिसाच्या सचोटीइतकेंच तें मागणाऱ्याच्या तोंडांत आहे.

एक प्रसंग कल्पून पाहूं. पुष्कळ उपदेशकांस तो थोड्याफार फरकानें परिचित असेल. मंडळींतील एका मजुराचा सोळा वर्षांचा मुलगा बापाची मोटारसायकल घेऊन निघाला आणि नाक्यावर पकडला गेला. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें अज्ञान मुलाच्या हातीं गाडी गेल्यास पालक किंवा गाडीचा मालक दोषी. पंचवीस हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलास पंचविसावें वर्ष पुरें होईपर्यंत परवाना नाहीं. बाप संध्याकाळीं उपदेशकाच्या घरीं येतो. "गुरुजी, फौजदार तुम्हांला मानतात. एक शब्द टाका. अजून कागद झाला नाहीं, तोंवर सुटेल." उपदेशकानें काय करावें?

हा प्रश्न आम्ही हलका समजत नाहीं. बापानें गाडी हप्त्यावर घेतलेली असते. पंचवीस हजार ही त्याच्या कित्येक महिन्यांची कमाई. मुलगा वाईट नसतो. आईचें औषध आणावयास निघाला होता, हेंही कदाचित् खरें असतें. आणि बापाजवळ एक युक्तिवाद असतो, ज्यापुढें उपदेशकाची जीभ अडखळते: "परवां साखर कारखान्याच्या संचालकाचा पोरगा चारचाकी घेऊन ह्याच नाक्यावरून गेला, त्यास कोणी अडविलें? कायदा काय तो आम्हां गरिबांसाठींच?"

त्याची तक्रार खरी आहे. परंतु तिच्यावरून तो जें मागतो तें निघत नाहीं. संचालकाचा मुलगा एका शब्दावर सुटला हा अन्याय असेल, तर आपला मुलगा एका शब्दावर सुटणें हा त्या अन्यायावरचा इलाज नसून त्याचीच दुसरी प्रत आहे. आणि ह्या धंद्यांत गरीब नेहमीं हरणार, कारण त्याचा शब्द नेहमींच हलका. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबांचे वाडवडील गांवकुसाबाहेर राहत. वेशीची राखण त्यांनीं करावी आणि न्याय मात्र वरच्याच्या मर्जीनें मिळावा, अशी पिढ्यान् पिढ्यांची रीत होती. मर्जी असली तर गुन्हा केलेला सुटे. मर्जी खपा झाली तर गुन्हा नसतांना मार बसे. मर्जीवर जगणें म्हणजे काय, हें त्या घरांस पुस्तकांतून शिकावयास नको. सर्वांस एकच कायदा, ही गोष्ट त्यांच्या वांट्यास फार उशिरां आली आणि अद्याप पुरतेपणीं आलेली नाहीं. अशा लोकांनीं पुनः आपल्या पायांनीं मर्जीच्या दारांत जाऊन उभें राहावें, आणि त्यांच्या उपदेशकानें त्यांस तेथें हात धरून न्यावें, ह्याचें आम्हांस वाईट वाटतें.

मग उपदेशकानें घरींच बसून राहावें काय? मुळींच नाहीं. त्यानें बापाबरोबर ठाण्यांत जावें. मुलास कोणी मारहाण करीत नाहीं ना, कागदावर घडलें तेंच लिहिलें जातें ना, मागितलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मिळते ना, हें पाहावें. नोंद करूं नका असें सांगूं नये; खरी नोंद करा असें सांगावें. तालुक्याच्या न्यायालयांत मोफत कायदेशीर मदत मिळते, तिची चौकशी त्याच्यासाठीं करावी. मुलानें गाडी आपणांस नकळत नेली, किंवा ती न्यावी नाहीं म्हणून आपण योग्य ती काळजी घेतली होती, असें बापास शाबीत करतां आलें तर कायदाच त्यास दोषमुक्त करतो. आणि कैद द्यावयाची कीं नाहीं व किती, ह्याचा विचार न्यायाधीश करतो. दयेची जागा तेथें आहे. तेथें दोन्ही बाजू ऐकल्या जातात, कारण लिहून ठेवावें लागतें, आणि आज एकास दिलेली सवलत उद्यां दुसऱ्यास दाखवून मागतां येते. नाक्यावरच्या दयेस ना कारण असतें ना नोंद.

दंडाचा आंकडा गरिबास व श्रीमंतास एकच असावा, हें मात्र आम्हांसही पटत नाहीं. हजार रुपये म्हणजे मजुराची तीन-चार दिवसांची मजुरी आणि बड्या माणसाच्या एका जेवणाचा खर्च. फिनलंड देशांत १९२१ सालापासून दंड दिवसांच्या मिळकतीवर मोजण्याची पद्धत आहे. ज्याची मिळकत मोठी त्याचा दंड मोठा, आणि तेथें वेगानें गाडी हांकणाऱ्या धनिकांस जबर रकमा भराव्या लागल्याचीं उदाहरणें आहेत. आपल्याकडे तसें व्हावें असें ज्यास वाटेल त्यानें आमदार-खासदारांपुढें ही गोष्ट खुशाल मांडावी. कायद्यांतील हें वैगुण्य हवालदारानें रस्त्यावर उभें राहून, ज्याचा चेहरा त्यास भावला त्याच्यापुरतें, दुरुस्त करावयाचें नाहीं.

इतका वेळ आम्ही दयेस नाक्यावरून हटकलें. परंतु रस्त्यावर एक जागा अशी आहे कीं जेथें तिची अतोनात गरज असते आणि जेथें ती क्वचित् सांपडते. अपघात होतो. माणूस रक्ताच्या थारोळ्यांत पडतो. माणसें जमतात, मोबाइलवर चित्रें घेतात, आणि उचलावयास कोणी पुढें होत नाहीं. कारण पोलिसाचें लचांड मागें लागेल, साक्षीस खेटे घालावे लागतील, दवाखान्यांत पैसे भरावयास सांगतील. यरुशलेमाहून यरीहोस जाणाऱ्या वाटेवरील जखमी माणसाची आणि त्यास उचलणाऱ्या शोमरोन्याची गोष्ट आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु ही गोष्ट आतां आपल्या देशाच्या कायद्याच्या पुस्तकांत शिरली आहे, हें थोड्यांस ठाऊक असेल. सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालच्या मार्चांत मदत करणाऱ्यांच्या रक्षणाच्या नियमांस बंधनकारक केलें, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत १३४-अ हें कलम घातलें. त्या कलमांत अशा मदत करणाऱ्या माणसास दिलेलें नांव त्या चांगल्या शोमरोन्याचेंच आहे.

कलमाचा भावार्थ असा कीं, मोबदल्याची अपेक्षा न धरतां सद्भावनेनें जखमीस मदत करणाऱ्यावर, पुढें तो जखमी दगावला तरी, दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाहीं. त्यानें आपलें नांव-गांव सांगितलेंच पाहिजे असें नाहीं, आणि साक्षीदार व्हावें कीं नाहीं हें त्याच्या इच्छेवर आहे. जखम झाल्यापासूनच्या पहिल्या तासास कायद्यानें विशेष महत्त्व दिलें आहे, कारण त्या तासांत उपचार मिळाले तर जीव वांचण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. महाराष्ट्राच्या महामार्ग पोलिसांनीं २०२१ सालीं 'मृत्युंजय दूत' ह्या नांवानें महामार्गालगतच्या गांवांतील लोकांस, धाब्यांवर व पेट्रोल पंपांवर काम करणाऱ्यांस, जखमीस कसें उचलावें व रक्त कसें थांबवावें हें शिकविण्याचा उपक्रम चालू केला. १०८ ह्या क्रमांकावर फोन केल्यास रुग्णवाहिका येते. महामार्गालगत ज्या मंडळ्या आहेत त्यांतील दोन-चार तरुणांनीं ठाण्यांत जाऊन ह्या शिक्षणाविषयीं विचारावें, असें आम्हांस वाटतें.

अर्थात् कायद्याच्या पुस्तकांत असलेलें कलम गांवच्या माणसास खरें वाटावें तर तें त्यास शिपायाच्या वागणुकींत दिसलें पाहिजे. जखमीस घेऊन दवाखान्यांत आलेल्या मजुरास ज्या शिपायानें चार तास बांकावर बसवून ठेविलें, त्यानें त्या एका संध्याकाळीं साऱ्या गांवास शिकविलें कीं पुन्हां कोणास उचलूं नका. आणि ज्यानें "पाणी घ्या, तुमचें काम झालें, निघा आतां" एवढेंच म्हटलें, त्यानें कोणाचें कांहीं कापून दिलें नाहीं. नाक्यावर जो शिपाई कठोर असतो आणि अपघाताच्या जागीं मृदु असतो, तो दोन माणसें आहे असें आम्हांस वाटत नाहीं. वळणापलीकडची ती म्हातारी दोन्ही ठिकाणीं त्याच्या डोळ्यांपुढें असते.

हें सर्व लिहितांना पावसाळा सरत आला आहे, आणि दिवाळीच्या सुमारास उसाच्या गळिताचा हंगाम सुरू होईल. एका ट्रॅक्टरास दोन ट्रॉल्या, त्यांवर दोन्ही बाजूंस बाहेर आलेला ऊस, आणि मागच्या दिव्याची तार बहुधा तुटलेली. रात्रीं नऊच्या सुमारास मागून मोटारसायकलीवर येणाऱ्यास ती ट्रॉली अंधाराचाच एक भाग वाटते. पुष्कळ कारखाने आणि पोलीस ठाणीं हंगामाच्या आरंभीं ट्रॉल्यांच्या मागें चमकणाऱ्या तांबड्या पट्ट्या लावून देतात. आमच्या मंडळ्यांतील जे भाऊ ट्रॅक्टरावर चालक आहेत किंवा तोडीस जातात, त्यांनीं पहिली खेप निघण्यापूर्वींच त्या लावून घ्याव्या, आणि उसाची मोळी पट्टीवर लोंबत नाहीं ना तें प्रत्येक खेपेस पाहावें. मुकादमानें "घाई आहे, उद्यां लावूं" असें म्हटल्यास पोलीस पाटलास सांगावें. तें त्याचें काम आहे, आणि त्यानें तें केलें म्हणून त्याच्याशीं कोणी बोलणें टाकूं नये.